स्लीव्हनंतर वजन परत वाढलं, आता बायपास करावा का?

लातूर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. वय 43, उंची 157 सेंटिमीटर. 2018 मध्ये पुण्यात वजन उतरवण्यासाठी स्लीव्हचं ऑपरेशन (जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची नळी करतात) झालं तेव्हा वजन 121 किलो होतं. दीड वर्षात ते 79 वर आलं, शुगरची गोळी सुटली, गुडघे बरे झाले. आता वजन 106 आहे, शुगर परत आली आहे आणि रात्री आडवं झालं की घशाशी आंबट पाणी येतं. एका डॉक्टरांनी तपासून ‘पिशवी फुगली आहे, बायपास करून टाकू’ असं सांगितलं आणि पुढच्या महिन्यातली तारीखही सुचवली. पिशवी म्हणजे जठराची ती नळी, आणि हा बायपास पोटाचा: जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. घरचे म्हणतात, एकदा लाखो रुपये पाण्यात गेले, आता पुन्हा पोट कापायचं कशाला? विम्याचं काय आणि पुण्याच्याच डॉक्टरांकडे परत जावं का, हेही विचारलंय. पण मुख्य प्रश्न एवढाच: करू की नको, एका शब्दात सांगा.

ताई, एका शब्दात सांगता येणार नाही. मी मराठवाड्यात ही ऑपरेशनं करणारा सर्जन आहे आणि दुसऱ्यांदा ऑपरेशनसाठी येणारे पेशंट नेहमी बघतो. पण तुम्हाला मी तपासलेलं नाही, तुमची एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून केलेली जठराची तपासणी) पाहिलेली नाही. त्यामुळे माझ्यासमोर तुमच्यासारखं कुणी बसलं तर मी कोणत्या क्रमाने विचार करतो, तेवढं सांगतो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. वजन परत का वाढलं, हा एक. छातीत जळजळ का होते, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं कधी एकाच ठिकाणी सापडतात, कधी नाही. ‘पिशवी फुगली’ या दोन शब्दांत दोन्ही प्रश्न गुंडाळून टाकले की तारीख पटकन ठरते, पण कारण तसंच राहतं. आणि कारण न शोधता केलेलं दुसरं ऑपरेशन दोन-तीन वर्षांत पेशंटला पुन्हा त्याच खुर्चीत आणून बसवतं.

आधी आकडे बघू. तुमचे 42 किलो गेले, म्हणजे मूळ वजनाच्या जवळजवळ 35 टक्के. हा उत्तम निकाल होता. पैसे पाण्यात गेले असं म्हणणाऱ्यांना एवढं सांगा की चांगली काही वर्षं शुगर नव्हती, त्या वर्षांत डोळे, किडनी, हृदय वाचलं. पण त्या 42 पैकी 27 किलो परत आले. घटलेल्या वजनापैकी 30 टक्क्यांहून जास्त परत आलं तर त्याकडे उपचार लागणारी गोष्ट म्हणून बघावं, असं आता जगभरच्या सर्जनांच्या संघटनेने ठरवलंय. तुम्ही त्या रेषेच्या बरंच पुढे आहात आणि तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, आज 43 आहे. तेव्हा हे मनाचे खेळ नाहीत. तुमचं वजन 79 वरून 85 झालं असतं तर मात्र मी म्हणालो असतो, घरी जा, चालत राहा. थोडं वजन सगळ्यांचंच परत येतं. स्वीडनमध्ये 1987 पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत 32 टक्के घटलं होतं, 15 वर्षांनी ती घट 27 टक्क्यांवर आली. जुनं वजन परत मिळवण्यासाठी शरीर झटत असतं: भूक वाढवतं, खर्च कमी करतं. यात तुमच्या चारित्र्याचा काही दोष नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुम्ही लिहिलंय की 2020 नंतर लाजेपोटी तपासणीला गेलाच नाहीत.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. स्लीव्ह ही सुरुवातीला एकटी करायची शस्त्रक्रिया नव्हतीच. अतिशय जास्त वजनाच्या पेशंटमध्ये मोठं ऑपरेशन एका दमात धोक्याचं असायचं, म्हणून आधी जठराची नळी करायची, वजन थोडं उतरलं की आतड्याचा भाग नंतर करायचा, अशी दोन टप्प्यांची योजना होती. पहिल्याच टप्प्यावर अनेकांचं भागलं, म्हणून स्लीव्ह स्वतंत्र ऑपरेशन झालं. तुमचं सुरुवातीचं वजन बीएमआय 49 चं होतं. अशा माणसाला पुढे दुसरा टप्पा लागला तर त्यात नवल नाही.

आता कारण शोधायचं. मी सुरुवात स्वयंपाकघरापासून करतो. पेशंटला ‘काय खाता?’ असं विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. परभणीकडच्या एक बाई आल्या होत्या, म्हणाल्या, ‘डॉक्टर साहेब, मी तर काहीच खात नाही. अर्धी भाकर बी जात नाही.’ आणि ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, काल उठल्यापासूनचं सांगा, घड्याळ लावून. पहाटे उठल्यावर चहा. झाडलोट झाल्यावर चहा-बिस्कीट. शेजारीण आली, चहा. शेतातून परत आल्यावर, मुलं शाळेतून आल्यावर, रात्री भांडी झाल्यावर. दर वेळी कपभर गोड चहा आणि त्यात बुडवून चार बिस्किटं. कपभर चहाच्या साठ-सत्तर कॅलरी आणि बिस्किटांच्या शंभरएक धरा. सहा वेळा म्हणजे हजाराच्या घरात गेलं, आणि अजून जेवण मोजलेलंच नाही.

हे स्लीव्हच्या पेशंटमध्ये का होतं ते समजून घ्या. नळीसारख्या जठरात कोरडी ज्वारीची भाकरी अडकते, छाती दाटते, कधी उलटी होते. मटण, मोड आलेली मटकी यांनी पोट पटकन भरतं. चहात भिजलेलं बिस्कीट मात्र अलगद सरकून जातं. तसंच दुधातला काला, साबुदाण्याची खिचडी, शेव, आईस्क्रीम, लग्नातली बासुंदी. जे पोट भरतं ते त्रास देतं आणि जे वजन वाढवतं ते सुखाने जातं, म्हणून माणूस नकळत दुसऱ्याकडे वळतो. एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन ‘आज उपास होता’ म्हणणारे पेशंट मला हमखास भेटतात. मूठभर, म्हणजे 50 ग्रॅम शेंगदाण्यात पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात.

खाण्यातच कारण सापडलं तर बायपास त्यावर पूर्ण उत्तर नाही. बायपासनंतर जास्त गोड खाल्लं की काहींना धडधड, घाम, चक्कर येते, म्हणून गोड सुटतं असं सांगतात. काहींचं सुटतं. पण प्रत्येकाला तो त्रास होत नाही, आणि दिवसभर थोडं-थोडं चरण्याची सवय बायपासमधूनही वाट काढते.

मग औषधांची पिशवी उलटी करायला सांगतो. शुगर परत आल्यावर तुम्हाला ग्लिमेपिराइड किंवा पायोग्लिटाझोन चालू केलंय का? इन्सुलिन? ही सगळी वजन वाढवू शकतात. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड, मायग्रेनसाठी किंवा झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन, फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट, मानसिक आजाराच्या काही गोळ्या, यांचंही तेच. यातली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ज्यांनी दिली त्यांना पर्याय विचारायचा. थायरॉइडची तपासणी तर होतेच. आणि एक प्रश्न मी प्रत्येकाला हळूच विचारतो: वजन वाढायला लागलं त्या काळात घरात काय चाललं होतं? कुणाचा मृत्यू, कर्ज, बदली, नैराश्य. शिक्षकांना बदलीचं वेगळं सांगायला नको.

आता जठराकडे वळू. जळजळीमुळे तुमच्या बाबतीत एंडोस्कोपी टाळता येणार नाही, आणि औषध पाजून काढायचे एक्स-रेही हवेत, ज्यात नळीचा आकार दिसतो. यात मी तीन गोष्टी शोधतो. एक, नळी सगळीकडून थोडी रुंद झाली आहे का. वर्षांनुवर्षं वापरात असलेली नळी थोडी सैल होतेच, आणि सैल नळी असूनही वजन राखलेले कितीतरी लोक असतात. त्यामुळे नुसती ‘फुगली’ हा निकाल माझ्या लेखी कच्चा आहे. दोन, पहिल्या वेळी जठराचा वरचा फुगीर भाग मागे राहिलाय का. भुकेचं संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं, तो भाग मोठा उरला असेल तर ते खरं कारण आहे आणि शस्त्रक्रियेने सुधारता येतं. तीन, नळी मधल्या वळणावर अरुंद झाली आहे का. हे ऐकायला उलटं वाटेल, पण अरुंद नळीमुळेही वजन वाढतं. घन पदार्थ खाली उतरत नाहीत, माणूस पातळ आणि गोडावर येतो, आणि अन्न वरच्या बाजूला तुंबल्यामुळे ॲसिड अन्ननलिकेत चढतं. यातल्या काही पेशंटना एंडोस्कोपीतून फुगा घालून वळण मोकळं करता येतं, ऑपरेशनची गरजही पडत नाही.

जळजळीचा भाग मी इतका का ताणतोय? कारण तुमचा निर्णय बहुधा तिथेच होणार आहे. स्लीव्हमध्ये जठराचा दाब वाढतो आणि ॲसिड वर यायला लागतं, हे आता पक्कं झालंय. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपासच्या पेशंटचा 10 वर्षं पाठपुरावा झाला. एंडोस्कोपी केली तेव्हा स्लीव्हवाल्यांपैकी 31 टक्क्यांच्या अन्ननलिकेला ॲसिडमुळे सूज होती, बायपासवाल्यांपैकी 7 टक्क्यांच्या. वजनातला फरक मात्र तेवढा मोठा नव्हता. म्हणून माझं मत असं: एंडोस्कोपीत अन्ननलिकेला ठळक जखमा दिसल्या, किंवा जठराचा भाग छाती आणि पोटामधल्या पडद्यातून वर छातीत सरकलेला दिसला, आणि पॅन्टोप्राझोलसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या नीट घेऊनही रात्री झोप मोडतेय, तर बायपासच्या बाजूने मजबूत कारण आहे, वजन कितीही असो. अन्ननलिका स्वच्छ असेल आणि जळजळ फक्त रात्री दहाला जेवून लगेच आडवं होण्याने येत असेल, तर घाई नको.

बायपास म्हटलं तरी त्यात प्रकार आहेत आणि इथे सर्जनशी स्पष्ट बोला. ज्याला रू-एन-वाय म्हणतात, त्यात वर छोटी पिशवी राहते, ॲसिड आणि पित्त दोन्ही तिच्यापासून लांब नेले जातात. जळजळीसाठी हाच प्रकार योग्य. मिनी बायपासमध्ये जोड एकच असतो, ऑपरेशन थोडं सोपं आणि वजन उतरायला जोरकस, पण त्यात पित्त पिशवीत चढू शकतं. आधीच अन्ननलिका सोललेल्या पेशंटला मी तो सुचवत नाही. नळी पुन्हा कापून बारीक करणं, म्हणजे री-स्लीव्ह, मागे राहिलेल्या वरच्या भागासारखं ठरावीक कारण असल्याशिवाय मी करत नाही. दाब आणखी वाढतो. आणि साडी-एस नावाचा प्रकार आहे, त्यात आतड्याचा मोठा भाग वगळला जातो. वजन जबरदस्त उतरतं, पण प्रथिनं, लोह, कॅल्शियम, चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं, सगळ्याची कमतरता होऊ शकते.

इथे मी आपल्या भागाचा विचार करतो. मराठवाड्यात स्त्रियांचं हिमोग्लोबिन आधीच काठावर असतं, शाकाहारी घरात बी-12 कमी असतं. बायपासनंतर गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, वर्षातून किमान एकदा फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12, डी, कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) बघावं लागतं. पहिल्या ऑपरेशननंतर पेशंट सहा वर्षं तपासणीला गेला नसेल, तर साडी-एससारखं ऑपरेशन करायला माझा हात धजत नाही. हा टोमणा नाही. गावापासून दवाखाना किती लांब आहे, बस कधी आहे, रजा मिळते का, यावर ऑपरेशनचा प्रकार ठरवणं मला शहाणपणाचं वाटतं. तुम्ही गोळ्या नियमित घेता का, शेवटची बी-12 तपासणी कधी झाली, हे माझे पहिले प्रश्न असतील.

धोक्याबद्दल थोडं. दुसरं ऑपरेशन बहुतेक वेळा दुर्बिणीतूनच होतं, पण आत चिकटलेलं असतं, जुन्या टाक्यांच्या जागी जठराची भिंत जाड आणि रक्तपुरवठा कमी असतो. त्यामुळे टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पुन्हा भरती होणं, सगळ्याची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त. सर्जनला विचारा: तुम्ही दुसऱ्यांदाची ऑपरेशनं नियमित करता का? गळती झाली तर रात्री दोन वाजता कोण असतं? आयसीयू आणि एंडोस्कोपीतून स्टेंट (गळती झाकणारी नळी) टाकणारे डॉक्टर त्याच ठिकाणी आहेत का? जो सर्जन या प्रश्नांवर चिडतो, त्याच्याकडून दुसरं ऑपरेशन करून घेऊ नका. आणि अपेक्षाही जमिनीवर ठेवा. पहिल्या वेळी 42 किलो गेले, तसे या वेळी जाणार नाहीत. स्लीव्हवरून बायपास केल्यावर जळजळ छान थांबते, वजनाची घट मात्र बऱ्याचदा माफक असते.

मग ऑपरेशन नाही तर काय? दोन वर्षांपूर्वी याचं उत्तर बरंच तोकडं होतं. 2025 मध्ये टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं भारतात आली आणि चित्र बदललं. ऑपरेशन न झालेल्या लोकांवरच्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात सरासरी 15 टक्के वजन उतरलं, टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने साधारण 20 टक्के. स्लीव्ह झालेल्यांनाही ही औषधं लागू पडतात, हे मी रोज बघतोय. तुमची शुगर परत आली आहे, म्हणजे तुम्हाला दुहेरी फायदा. अडचणी दोन. बंद केलं की वजन परत चढतं, म्हणजे खर्च दर महिन्याचा, वर्षानुवर्षं. आणि जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, त्यामुळे काहींची जळजळ आणि मळमळ वाढते. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल तर ते आधी सांगा. मेडिकलवाल्याकडून परस्पर आणून टोचून घेऊ नका.

अन्ननलिका ठीक असेल तर मी तुमच्या बाबतीत हे औषध आधी वापरेन, सहा महिने, सोबत खाण्याची घडी बसवून. रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं: अंडी, पनीर, ताक-दही, हरभरा, सोयाबीन. लातूरला सोयाबीनचे ढीग बाजार समितीत लागतात आणि ताटात ते दिसत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. कोरड्या सोया चंक्सच्या 50 ग्रॅममध्ये जवळपास 25 ग्रॅम प्रथिनं असतात. चहा बिनसाखरेचा, बिस्कीट घरात आणायचंच नाही. जेवताना पाणी नाही. सहा महिन्यांत चांगला फरक पडला तर ऑपरेशनची फाइल बंद. नाही पडला, किंवा औषधाचा खर्च झेपेना, तर बायपासचा विचार, आणि तोवर तुमचं शरीर ऑपरेशनसाठी जास्त तयार झालेलं असेल.

थोडक्यात, क्रम असा: जुनी फाइल, एंडोस्कोपी आणि एक्स-रे, रक्त, औषधांची यादी, आठवडाभराची खाण्याची वही. अन्ननलिका खराब असेल तर रू-एन-वाय. जठरात दुरुस्त करण्यासारखा दोष असेल तर तो दुरुस्त करायचा. दोन्ही नसेल तर आधी औषध. पुढच्या महिन्याची तारीख तूर्त पुढे ढकला. यात काही आठवड्यांनी काही बिघडत नाही. अपवाद एकच: रोज उलट्या होत असतील, पाणीही टिकत नसेल, पायांना मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सलाइनमधून ग्लुकोज लावण्याआधी थायमिनचं, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मागा.

दोन गोष्टी मात्र तारखेची वाट न बघता आजच सुरू करता येतील. मिश्री लावत असाल किंवा तंबाखू असेल तर ती बंद, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेत असाल तर त्यांना पर्याय विचारा. बायपासच्या जोडावर अल्सर होण्याची ही दोन मोठी कारणं आहेत. मिश्रीबद्दल बायका स्वतःहून सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत, म्हणून लिहिलं.

विम्याचं विचारलंय. पॉलिसीत सहसा बीएमआय 40 च्या वर, किंवा 35 च्या वर आणि सोबत गंभीर आजार, अशी अट असते. तुम्ही त्यात बसता, पण दुसऱ्या ऑपरेशनला मंजुरी मिळेलच असं नाही. एंडोस्कोपीचा अहवाल आणि ऑपरेशन का हवं याचं सर्जनचं पत्र जोडून पूर्वमंजुरी आधी मागा, भरती झाल्यावर नाही.

शेवटचं, पुण्याच्या त्याच डॉक्टरांकडे परत जावं का. आधी त्यांच्याकडेच जा, निदान फाइलसाठी. नळी किती जाडीच्या मापावर केली, किती स्टेपल लागले, तेव्हा पडद्याला छिद्र दिसलं होतं का, हे ऑपरेशन नोट्समध्ये लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या सर्जनला त्याचा फार उपयोग होतो. नोट्सची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सहा वर्षं गेला नाहीत म्हणून कुणी ओरडलं तर ओरडू द्या, कागद घेऊन या.